शेवटची कड

आजा कोयत्यांना धार लावायचा, पापाच्या तिकटीला,
सायकलचं चाक उलटं करून, ठिणग्या उडवत.
मी यासीन शिकलगार. माझंपण चाकच फिरतं,
फक्त ठिणगी लाल, आणि डब्याच्या आत.

शाहूपुरीत दुकान घातलं तेव्हा किसन पेंटरनं विचारलं,
"डीव्हीडी म्हंजे काय लिहू खाली? पूर्ण अर्थ पायजे."
कोण म्हणायचं व्हिडिओ, कोण म्हणायचं व्हर्सटाइल.
कंपनीवाल्यांचंच त्यात जमलं नव्हतं.
"मग 'लग्न, मुंज, बारसे' लिहितो," म्हणाला.
तेवढंच हाय अजून. पुरानं ब नेला, काना राहिला.

गिऱ्हाइकाला सांगून दमलो:
वजा आर वेगळी, अधिक आर वेगळी,
प्लेअरशी पत्रिका जुळली तर लागंल, न्हाईतर न्हाई.
डबीवर चार पॉइंट सात जीबी, कॉम्प्युटर म्हणतो चार पॉइंट तीन.
गुळाच्या रव्यासारखं,
बाजारात वजन एक, घरात एक.
अमेरिकेतनं कुणाचातरी भाचा फोन करायचा, "मामा, लागत न्हाई."
लागंल कशी? तिकडं रिजन एक, आपला पाच.
तिकडं एनटीएससी, इकडं पाल.
आपण सेकंदाला पंचवीस चित्रं मोजतो, ते तीसला जरा कमी.
लग्न एकच.

परवा कसबा बावड्यातनं विजयमाला आल्या.
पिशवीतनं वहीचा कागद काढला, कागदातनं चकती.
मार्करचं अक्षर माझंच:
"इंगवले – घोरपडे, २००६, भाग १."
"भाग दोन?"
"एकच दिली होती तुम्ही."

चकती आतनं बाहेर वाचली जाते.
लोकांना वाटतं तव्यासारखी, काठाकडनं आत.
न्हाई. मधल्या भोकापाशी हळद,
मग अक्षता, मग पंगत,
आणि पाठवणी अगदी कडेला.
कीडपण कडेनंच शिरते.
जिथं बोटं लागतात, जिथं पाणी चढतं.

उजेडाला धरली. काठाला कथ्थी डाग, चांदी उडालेली.
नव्या ड्राइव्हनं थुंकून टाकली.
माळ्यावरचा जुना रायटर खाली काढला, पुसला.
ज्यानं जाळली होती, त्यानंच ओळखली.

अडीच तास नीट चालली.
हळद. आत्या. क्लॅरिनेटवाला. एक काका तीनदा जेवताना.
मग गाडीजवळ वडील येतात
आणि त्यांचा चेहरा चौकोन चौकोन होतो.

"गेले बाराव्या साली," विजयमाला म्हणाल्या.
"आयुष्यात एकदाच रडले. तेवढंच बघायचं होतं."

कीड लागलीय, मी म्हणालो.
कीड निम्मीच होती.
त्या रात्री तीन तासांचं लग्न एका चकतीत बसंना.
दुसरी चकती अठरा रुपयांची.
मी बिटरेट खाली ओढला, शेवटाला जास्तच,
शेवट कोण बघतंय, जेवून झोपतात सगळे, असं म्हणत.
मशीननं मग वडलांना कंजूसपणानं लिहिलं:
कपाळाला एक चौकोन,
दोन्ही डोळ्यांत मिळून एक.

चहा आला. चहा संपला. मग हे सांगितलं.
त्या रागावल्या न्हाईत. हसल्यापण न्हाईत.
"मागं घ्या जरा."
घेतलं.
"अजून."
चौकोन हलत होते. एक पांढरा, रुमाल असावा,
कडेला इंटरलेसची फणी,
वर जायचा, खाली यायचा.

"आवाज हाय का?"

आवाज होता, मधे मधे तुटणारा.
आवाजाला जागा थोडी लागते,
म्हणून त्याच्यातनं मी काय काढलं नव्हतं.
इंजिनाची घरघर,
कोणतरी म्हणतंय नारळ ठेवा चाकाखाली, अरे पुढच्या चाकाखाली,
आणि त्या सगळ्यात एक माणूस नाक शिंकरतो.

"हे," त्या म्हणाल्या.
आणि डोळे मिटून परत ऐकलं.

पेनड्राइव्हवर घालून दिलं. पैसे नकोत म्हणालो.
त्यांनी पर्स उघडली, सुटे मोजले,
काउंटरच्या काचेवर ठेवले आणि गेल्या.
अठरा.