फ्यूज

दर गुरुवारी सव्वापाचला
मी चार जिने चढून जातो.
इमारतीला लिफ्ट आहे. जुनी, जाळीच्या दाराची,
आरशावर काळे डाग पडलेली.
तिचा दोर, तिची मोटर, तिची कुरकुर
मी एकतीस वर्षं ओळखतो.
तरी जिन्यानंच.

डॉक्टर मिर्ता झिल्बरनी विचारलं नाही, का.
माझी धाप ओसरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.
ब्युनोस आयर्सच्या या गल्लीत
दर तिसऱ्या दारावर अशी एक पाटी.
लोक दात दाखवायला जावं तसे
मन दाखवायला जातात.
मी हसायचो त्यांना,
त्यांच्याच लिफ्ट दुरुस्त करता करता.

पहिले सात गुरुवार मी मोटरींबद्दल बोललो.
कुठली उन्हाळ्यात तापते, कुठलीला तेल किती.
त्यांनी सगळं ऐकलं. पैसेही घेतले.
आठव्या गुरुवारी म्हणाल्या,
"नाउएलच्या खिशात काय होतं?"

बहिणीचा मुलगा. एकोणीस वर्षांचा.
माझ्या हाताखाली येऊन चार महिने झाले होते.
तो लिफ्टच्या विहिरीच्या तोंडाशी वाकून उभा,
आणि मी वरून ओरडलो, "जा, बंद आहे."
तीन शब्द.
बंद नव्हतं.

पोलिसांनी विचारलं, किती वाजता.
विमावाल्यांनी, बूट कुठले घातले होते.
पाद्री म्हणाले, देवाच्या मनात काही असेल.
बहिणीनं काहीच विचारलं नाही,
अजून विचारत नाही, आणि रविवारी
माझं ताट मांडते.
खिशाचं कुणी काढलं नव्हतं.

अर्धा आल्फाहोर, मी म्हणालो.
दोन बिस्किटं, मध्ये आटवलेलं दूध,
चांदीच्या कागदात नीट गुंडाळलेला.
अर्धा माझ्यासाठी ठेवला होता, की स्वतःच्या संध्याकाळसाठी,
ते आता
पुढचं मला बोलता येईना.
बाहेर पुढचा माणूस खोकत होता.
त्या बसून राहिल्या.

हे कशासाठी झालं, मी मे महिन्यात विचारलं.
जूनमध्ये विचारलं. जुलैच्या थंडीत
हात चोळत चोळत विचारलं.
"कशासाठीही झालं नसेल," त्या म्हणाल्या.
एवढं ऐकायला चार जिने?
दोन आठवडे गेलोच नाही.

ऑगस्टात परत गेलो, तर लिफ्ट अडकलेली,
दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधोमध.
आत एक म्हातारी. जाळीतून तिचे बूट तेवढे दिसत होते,
माझ्या डोळ्यांच्या उंचीला, आणि एक कांद्याची पिशवी.
हत्यारं नव्हती. कंपनीचा पोरगा यायला पाऊण तास.
मी पायरीवर बसलो.
म्हटलं, बाई, दोर चांगला आहे, माझ्या ओळखीचा आहे.
मग ती बोलत राहिली. गुडघे, नवरा, रोझारिओची सून.
मी काही दुरुस्त केलं नाही. काही समजावलं नाही.
मध्येच ती रडली. मी बुटांना म्हणालो,
इथंच आहे मी.

वर चौथ्या मजल्यावर माझा तास
माझ्याशिवाय सरला.

पोरगा आला. विशीचा, घाईत, शीळ घालत.
"थांब," म्हटलं.
बोर्डातला फ्यूज उपसून काढला
आणि त्याच्या खिशात घातला.
"विहिरीत जो उतरतो, फ्यूज त्याच्याकडे.
वरच्याच्या शब्दावर जायचं नाही.
माझ्याही."
म्हातारा सटकलाय, असं त्यानं बघितलं.
मग खिसा चाचपून उतरला.

आता असे अकरा जण आहेत शहरात. मी मोजतो.
लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला वजन बांधलेलं असतं,
ती वर जाते तेव्हा ते खाली येतं.
या अकरांचं तसं काही नाही.
नाउएल आहे तिथंच आहे.

डॉक्टरांना सांगितलं. त्या वहीत काही लिहू लागल्या,
मग पेन ठेवलं.
"आणि आज तुमच्या खिशात काय आहे?"
किल्ल्या. बसचं कार्ड.
आल्फाहोर, अख्खा.
बहिणीकडे जायचंय, म्हटलं. रविवार नाही, तरी.

खाली निघताना लिफ्टचं दार उघडलं,
आत बघितलं, लावून घेतलं.
जिन्यानंच उतरलो.