थांबा

डिसेंबरपासून पडद्यावर रोज तेच:
हा संगणक नवीन आवृत्तीसाठी पात्र नाही.

अपात्र हा शब्द मी एकतीस वर्षं टाइप केला
वॉर्ड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर,
तीन कार्बन लावून,
लोकांच्या नावापुढे.
तो कधी माझ्या पत्त्यावर येईल
असं वाटलं नव्हतं.

लॅमिंग्टन रोडचा दुकानदार फोनवरच म्हणाला,
पंधरा वर्षांचा? भंगारात दीडशे येतील, मावशी.

मग खालच्या मजल्यावरची कृत्तिका पाताडे आली,
पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे ती,
चपला दारात, मुठीत किल्लीएवढा पेनड्राइव्ह.
काकू, यात दुसरी सिस्टीम आहे. तुमच्या डब्यावर पळेल.
केवढ्याला?
फुकट.
मी चष्मा काढला. फुकट कोण देतं?
लोक लिहितात, म्हणाली, कुठले कुठले,
नोकरीहून घरी आल्यावर,
आणि ठेवून देतात. ज्याला हवं त्यानं न्यावं,
उघडून बघावं, पटलं नाही तर बदलावं.
अर्ज?
नाही.
साहेबांची सही?
नाही.
मग चहापाणी?
चहा चालेल. साखर कमी.

पडद्यानं विचारलं: डिस्कवरचे सर्व पुसून टाकायचे?
मराठीत विचारलं.
कुणीतरी कुठेतरी बसून
‘मागे जा’, ‘पुढे चला’, ‘खात्री आहे का’
ऱ्हस्वदीर्घ सांभाळून लिहिलं होतं.
एकाच ठिकाणी ‘निवड्लेले’.
ती चूक मला आवडली,
हात माणसाचा होता.

खात्री नव्हती.
‘किरकोळ’ नावाचा फोल्डर आधी बाजूला काढायला लावला.
त्यात ह्यांची पत्रं. बेस्टला सतरा.
इस्पितळाच्या फाटकासमोरचा थांबा
हायवेकडे सरकवला, त्याबद्दल.
हे खुर्चीत बसून सांगायचे, मी टाइप करायचे.
कन्नमवार नगरात दुसरं कुणी
संध्याकाळी इतकं संसदीय भांडत नसेल.
सतरावं अर्धं राहिलं. हे गेले,
मी ते पुन्हा उघडलं नाही.

चाळीस मिनिटं लागली. पंखा घरघरायचा थांबला.
कृत्तिकानं सतरावं पत्र उघडून दाखवलं,
आणि पडदाभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा:
एफ के के ए सी के,
मध्येच स्वल्पविराम, कंस, तिरपी रेघ.
काकू, फॉन्ट जुना होता, तो गेला.
शोधून टाकते, दोन मिनिटं.

माझी बोटं तोवर टेबलावर होती.
एफ म्हणजे अर्धा थ.
के म्हणजे दांडी, थ पुरा झाला.
पुन्हा के, काना. ए, डोक्यावर टिंब.
सी, ब. के.

थांबा.

गोदरेजच्या यंत्रावर परीक्षा दिलेली बोटं ही,
मिनिटाला चाळीस शब्द,
डोळ्यांना न विचारता.
टेबलावर लाकूड वाजत गेलं
आणि ह्यांचा आवाज येत गेला, खोकल्यासकट:
सदर थांबा पूर्ववत करण्यात यावा,
रुग्णांस व वृद्धांस होणारा त्रास
आपल्या निदर्शनास यापूर्वी सोळा वेळा

मग पूर्णविराम नाही. पुढची ओळ अशी:
थांब कुंदा दूध

अर्धा ध. दांडी.
तिथे संपतं.

मी तेही टाइप केलं होतं.
सांगितलेलं सगळं टाइप करायची, ही माझी खोड.
साहेब शिंकले तर तेवढंच सोडायची.
त्या दिवशी उठून गेले असणार,
गॅस बंद केला असणार, पातेलं पुसलं असणार,
परत येऊन बसले नाही.
का, ते आठवत नाही. काहीतरी किरकोळ.

काकू, टाकू का फॉन्ट?
टाक, म्हटलं. पण आधी चहा घे.
आणि मला नवीन कागद कुठून उघडायचा दाखव.
अठरावं आहे.
थांबा अजून हायवेलाच आहे.