मागचा डावा

विडी घरकुलातली पुढची खोली, दहा बाय दहा.
तिच्यात पाच स्पीकर अन् एक दणक्याचा डबा.
पोरानं हैदराबादेहून पाठवलेत.
"बसव की बे, दस्तगीर," इरय्या गाजूल ओरडले.
ते सगळंच ओरडून बोलतात.
छत्तीस वर्षं चार-चार माग सांभाळले,
कान तिकडंच राहिले, पत्र्याच्या शेडखाली.

डिस्क प्लेअर मात्र जुना, नवी पेठेतला.
पाठीमागं एकच भोक धड उरलेलं,
चौकोनी, उंदराच्या दारासारखं झाकण असलेलं.
त्यात वायर खुपसली
आणि दुसरं टोक त्यांच्या तळहातावर धरलं.
मोहरीएवढा लाल ठिपका.
"आवाज ह्यातनं जातो, काका. उजेड होऊन."
त्यांना ऐकू गेलं नाही.
ठिपका या बोटावरनं त्या बोटावर नेत राहिले,
मग बायकोला दाखवला, मग शेजारच्या पोराला.
मला ते टोक परत मागून घ्यावं लागलं.

तेवढ्यात नळ आला.
पाचव्या दिवशी आलेला नळ.
रिसीव्हर अर्धा उघडा टाकून
मीही दोन घागरी भरल्या, बालम्मानं सांगितलं म्हणून.

हात पुसून दहा टोकं सोलली.
लाल लालला, काळं काळ्याला.
बटण दाबलं. टक् झालं, अन् बंद.
पुन्हा दाबलं. टक्, बंद.
काचेवर एकच अक्षरओळ लुकलुकत होती,
म्हणजे आत कुठंतरी भलत्याला भलतं शिवलंय.
चष्मा पुसला. टॉर्च लावला. मुलाला फोनही केला.
तिसऱ्यांदा टक् झालं
तसे इरय्या गुडघ्यावर बसले,
माझ्या हातातला टॉर्च बाजूला सारला,
आणि नुसत्या डोळ्यांनी पाहत गेले
एकेक टोक, डावीकडनं उजवीकडं,
ताण्याचा तुटलेला धागा हुडकावा तसं.
"हे बघ. उकललंय."

मागचा डावा.
तांब्याचा एक केस बाहेर आलेला,
शेजारच्या स्क्रूला चिकटलेला.
जिभेवर बोट ओलं केलं त्यांनी,
केस पिळात घेतला, पिळला, आत सारला.
गाठ मारणार होते. मी हात धरला.
आता बटण दाबल्यावर दिवा टिकला.

मग रिसीव्हरनं विचारलं : माणूस किती फुटांवर बसतं?
मी टेप काढला, खुर्चीकडं निघालो.
"तिथनं नको," ते ओरडले, "हिच्यापासनं मोज."
बालम्मा उंबऱ्याला, जमिनीवर,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
उजेड तिथंच येतो म्हणून तिथंच.
कंपनीच्या चित्रात सोफा आहे,
सोफ्यावर गोरा माणूस, कान साडेतीन फुटांवर.
बालम्माचे कान दोन फुटांवर.
पाची स्पीकरची तोंडं खाली वाकवली.
खाली वाकवलेलं यंत्र जरा ओशाळलेलं दिसतं.

"आणि तुम्ही, काका?"
ते डब्यावर पाय ठेवून बसले. "मला हे बास झालं."

सुरू केला तपासणीचा आवाज.
सऽऽऽ डावा. सऽऽऽ मधला. सऽऽऽ उजवा.
धोट्यानं कोपरे फिरावे तसा
भिंतीभिंतीनं गेला.
मागचा उजवा.
मागचा डावा.
बालम्मा विडी वळता वळता उठली,
गॅस उघडा राहिला का बघायला.
शेवटी डब्याची पाळी आली
आणि इरय्यांचा अंगठा हलला,
मग दुसरा.
कितीतरी वेळ त्यांनी पाय काढले नाहीत.
मी तो आवाज तीनदा फिरवला.
एकदाच फिरवायचा असतो.

निघताना पैशाचं बोलणं.
स्पीकरमागं शंभर, पाचांचे पाचशे,
डबा अन् प्लेअर त्यातच.
त्यांनी चारशे मोजले.
"एक मी जोडला की बे," ते म्हणाले,
साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं.
हिशेब बरोबर होता. घेतले.