उपाशीपोटी

वायसन, आज सिस्टर कालिलानीने
माझ्या बोटाला सुई टोचली
आणि यंत्रावरचा आकडा बघून जरा थांबली.
ते थांबणं माझ्या ओळखीचं आहे.
झोम्ब्याच्या याच दवाखान्यात, याच बाकावर
आपण दोघं बसलो होतो, तेव्हाही
कुणीतरी असंच थांबलं होतं.

या वेळी ती म्हणाली, "एस्नात, साखर."

मला हसूच आलं.
एचआयव्हीच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.
तुझ्या शेवटच्या महिन्यात
ज्या घरात चहापुरती चिमूटभर नव्हती,
त्या घरात आता साखर रक्तात मावत नाही म्हणे.

"नव्या गोळीमुळे असेल, वजनामुळे असेल,
वयामुळे असेल. गोळी मात्र सोडायची नाही."

वयामुळे! ऐकलंस?
मला म्हाताऱ्या माणसांचा आजार झालाय.
तू असतास तर आपण कोंबडी कापली असती.

आता न्सिमा पांढऱ्या पिठाची नाही.
कोंडा काढून, तीन दिवस भिजवून, उन्हात वाळवून केलेलं
ते चारचौघांत अब्रू राखणारं पीठ
तुला किती लागायचं.
मी आता कोंड्यासकट मका दळून आणते,
त्यात अर्धी नाचणी,
जी तुझी आई फक्त बिअरसाठी पेरायची.
शेजारची फालेस माझ्या ताटात डोकावते:
"का गं, दुष्काळ आला का तुझ्याकडे?"
मी म्हणते, "हो."

शेवग्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात.
तुरीचे ओले दाणे, पगार झालेल्या आठवड्यात एखादी सुकी मासळी.
गोरखचिंचेचं पाणी बिनसाखरेचं,
पहिल्या घोटाला डोळे आपोआप मिटतात.
आणि भेंडी.
तुझ्या तोंडात फोड आले होते, तेव्हा
घशाखाली उतरायची ती एवढीच.
म्हणून इतकी वर्षं या घरात भेंडी शिजली नाही.
आता आठवड्यातून तीनदा शिजते.
पहिल्या दिवशी चुलीपाशी बसून राहिले, जेवले नाही.
दुसऱ्या दिवशी जेवले.

बाजारात एक पोरगा हिरव्या पुडीची बाटली विकत होता.
"मावशी, दोन्ही आजार जातील,
दवाखान्याच्या गोळ्या फेकून द्या."
तूही अशीच एक बाटली आणली होतीस.
आपली बकरी गेली त्यात.
मी झाकण उघडून वास घेतला. शेवगाच होता.
म्हटलं, "बाळा, हा माझ्या कुंपणाला आहे.
भाजी चांगली होते त्याची.
गोळ्यांशी त्याचं भांडण नाही, तू कशाला लावतोस?"

एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय.
तुला तीन चमच्यांचा चहा हवा होता
आणि मला तो देता आला नाही,
म्हणून नंतर, दिवस पालटल्यावर,
मी माझ्या चहात तीन घालत आले.
दोन माझे, एक तुझा.
सिस्टरला हे कसं सांगू?
तिच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

परवा तिसरा चमचा
पपईच्या झाडाखाली नेऊन सांडला.
मुंग्या आल्या. लगेच नाही, थोड्या वेळाने,
जशा बायका मयताच्या घरी येतात,
आधी एक, मग सगळ्या.
पहिला आणि दुसरा चमचा अजून सुटत नाहीत.
दुसरा अर्ध्यावर आलाय.

वहीत आता दोन शिक्के आहेत.
पुढची तारीख अकरा जुलै.
सिस्टरने दोनदा बजावलं,
"सकाळी उपाशीपोटी यायचं."

उपाशी कसं राहायचं,
ते मला नको शिकवायला.
पण या वेळी पदरात बांधून नेणार आहे
नाचणीच्या न्सिमाचा गोळा, केळीच्या पानात.
रक्त देऊन झालं की
त्याच बाकावर बसून खाईन.