कापसाच्या खोलीचं माप

बारा बाय अठरा, छत साडेनऊ फूट.
खिडकी नाही. झरोका होता एक,
तो चिमण्यांनी काडी काडी करून बुजवला.
अमरावतीहून आलेल्या पोरानं
लेझरचा लाल ठिपका चारी भिंतींवरून फिरवला
आणि म्हणाला, काका, खोली एकदम फिट आहे.
आधी काय असायचं इथं?

कापूस.
दिवाळीपासून होळीपर्यंत
भाव चढेल म्हणून थांबलेला, आढ्याला टेकलेला कापूस.
आम्ही पोरं वरून उड्या मारायचो,
कंबरेपर्यंत रुतून एकमेकांना हाका घालायचो
आणि हाक तोंडातून निघाली की तिथंच बसायची.
दारातल्या मायलाही ऐकू जायची नाही.
मग रात्रभर खाज, खोबरेल, शिव्या.

त्यानं वहीत लिहिलं : खिडकी नाही, उत्तम.

पडदा शंभर इंची. डोळ्यांपासून अकरा फूट.
भिंती करड्या, छत मात्र काळं,
म्हणजे उजेड उलटून येत नाही.
आवाज घुमू नये म्हणून फोमचे तक्ते,
बत्तीस नग, साडेबाराशेला एक.
घरात मिक्सर धड नाही, एवढंच कुसुम बोलली
आणि तूर पाखडायला गेली.

फोम राहू दे, म्हटलं. हुसेन मन्सुरीला निरोप धाडला.
चाळीस वर्षं पिंजणयंत्राशेजारी बसून
त्याचे दोन्ही कान गेलेले.
लाकडी चौकटींत त्यानं कापूस भरला,
वरून मांजरपाट ताणला, तळव्यानं थोपटत राहिला,
एका चौकटीतला मूठभर परत काढला.
मग मला खुणेनं टाळी वाजवायला लावली
आणि स्वतः भिंतीवर हात ठेवून उभा राहिला.
"झालं," म्हणाला. "आता नाही परतत."

प्रोजेक्टर कुठं टांगायचा हा प्रश्नच आला नाही.
आढ्याच्या मधोमध लोखंडी आकडा होताच,
पोरगा खूश झाला, बरोब्बर सेंटरला आहे म्हणाला.

तो काट्याचा आकडा.

संध्याकाळी वेचणाऱ्या बाया गाठोडी घेऊन
ह्याच जमिनीवर बसायच्या, आठ-नऊ जणी,
बोटं चिरलेली, ओच्यात चुकार बोंडं.
बाबा एकेक गाठोडं अडकवायचे
आणि सगळ्यांच्या माना एकदम वर व्हायच्या.
कंदिलाच्या उजेडात तो काटा थरथरायचा,
थांबेपर्यंत कुणी खोकतसुद्धा नसे.
"अठरा," बाबा म्हणायचे, "दवाचा अर्धा वजा."
दुपारी वेचलेल्या कापसातही दव असायचं.
मी वहीत साडेसतरा लिहायचो.
माझं अक्षर चांगलं होतं.

पोरानं नकाशात पाच खुर्च्या काढल्या होत्या,
मागं रेलणाऱ्या, कप ठेवायला खाच असलेल्या.
त्या मी खोडल्या. का, ते त्याला सांगितलं नाही.
हुसेनकडून दोन लांब गाद्या भरून घेतल्या,
ठासून, नऊ माणसं मावतील अशा.

नऊ आता कुठून आणणार.
सखू गेली, रुखमा लेकीकडं हिंगणघाटला,
बाकीच्यांची घरं मलाच नीट ठाऊक नव्हती.
शेवटी एकटी देवकाबाई मेश्राम आली, नातवाचा हात धरून,
पायातल्या चपला दाराबाहेर काढून.
म्हटलं, बाई, चपला असू दे.
तिनं नाही ऐकलं.

पडद्यावर समुद्र लागला. गादीखालून लाट गुरगुरली,
नातू ओरडला.
देवकाबाईची मान मात्र वर,
आकड्यातून निघणाऱ्या उजेडाच्या झोताकडं,
ज्यात धूळ तरंगत होती, किंवा जुनी तंतुस.
"काटा कुठी गेला बावा?" तिनं विचारलं.

तेवढ्यात लाइट गेली.
इन्व्हर्टर जोडायचा राहिला होता.
अंधारात मी बोललो काहीतरी,
बहुतेक ते अर्ध्या किलोचंच होतं,
पण भिंती चांगल्या भरल्या होत्या
आणि तिनं "काय म्हन्लं?" असं विचारेपर्यंत
लाइट आली.