पिशवी क्रमांक दोन

भरमू मामानं दोन पिशव्या दिल्या होत्या,
एक विहिरीखालच्या वाफ्यातली,
दुसरी पाइपाखालची.
सुतळी एकच, गाठीही सारख्या.
ओळखू यावं म्हणून दुसरीत
भाताची एक काडी खोचलेली.

प्रयोगशाळेत मी काडी बाजूला ठेवली.
माती सावलीत वाळवली,
लाकडी हातोडीनं फोडली.
पहिलीचा भुगा झाला.
दुसरी खापरासारखी तुटली
आणि चाळणीवर वाजली.

पाइप येऊन तीन वर्षं झाली.
बेळगावचं सांडपाणी टाक्यांतून फिरतं,
फेसाळतं, निवळतं,
आणि रात्री दोनला
वडगावच्या खालच्या शिवारात सुटतं.
मामा बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो.
पहिल्या साली म्हणाला,
'फुकटचं न्हवं गे, खतासकट आलंय पाणी.'
युरियाचं एक पोतं आणलं नाही त्यानं.
भात कमरेच्या वर, काळंशार हिरवं.
शेजारचा रुद्राप्पा कन्नडात म्हणाला,
दृष्ट लागंल, बांधावर जुनं चप्पल टांग.
टांगलं.
दिवाळीच्या अलीकडं, वारा नसताना,
भात आपल्याच वजनानं आडवं झालं.
चप्पल तेवढं उभं राहिलं काठीवर.

दुसऱ्या उन्हाळ्यात
मामीला वाटलं, रानात कुणी रांगोळी सांडली.
बोटानं उचलून जिभेला लावली तिनं
आणि थुंकली.

यंदा पाणी चार-चार दिवस वर उभं.
खाली तीन बोटं उकरावं तर कोरडं.
'माती पाणी पिईना झालीय,'
मामा फोनवर म्हणाला,
आजारी म्हशीबद्दल सांगावं तसं, हळू आवाजात.

मी आकडे मांडले.
सेंद्रिय कर्ब वाढलेला. नत्र भरपूर. स्फुरद भरपूर.
जड धातू मर्यादेत; दोनदा तपासलं, मर्यादेतच.
सामू आठ पॉइंट सात.
आणि सोडियम.
सोडियम मातीच्या कणाकणात शिरतं,
हात धरून बसलेल्यांना सोडवतं.
सुटे झालेले कण मग
भेटेल ते छिद्र बुजवत बसतात.
हे मी परीक्षेत लिहून आले होते,
अकरा मार्कांना.

रविवारी अनगोळच्या खोलीत
मी मशीन लावते.
पाकिटावर दोन चमचे लिहिलंय, मी तीन घालते,
चौथा सवयीनं.
पाकिटावर मोगरा छापलाय.
फेसाचं पाणी नळीतून गुळगुळ करत जातं,
भिंतीआड, रस्त्याखाली,
मला ठाऊक आहे ते पुढं कुठं जातं.
टाक्यांत घाण बसते खाली, वास उडून जातो.
मीठ विरघळलेलंच राहतं,
रात्री दोनला
मामाच्या पायांवरून जातं.

अहवाल कन्नडात छापून आला.
सोप्यात बसून मी मराठीत वाचून दाखवला.
'उप्पू' मात्र मामाला आधीच कळलं.
जिप्सम टाका, म्हटलं. ताग गाडा.
एक पाळी विहिरीची, एक पाइपाची.
'विहीर मार्चात तळ दावतीय,' मामा म्हणाला.
मग म्हणाला, 'पाइप बंद करू म्हणतीस?'
मी म्हटलं, तसं नाही लिहिलेलं.
'मग कसं लिवलंय?'
मी परत वाचलं तेच.

मामी सुपात बासमती पाखडत होती.
मूठभर उचलून तिनं नाकाशी धरला,
मग माझ्या नाकाशी.
'ह्याचा वास गेला की गं.
पूर्वी चुलीवर चढवला तर गल्लीतनं कळायचं,
कुणाकडं पावणं आल्यात ते.
वासाचं कुठं लिवलंय बघ.'

मी रकाने बघितले. बारा होते.
कागद उलटा केला.
मागं कोरं होतं.

मामीनं कागद घेतला, पेन्सिल मागितली,
आणि त्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
गिरणीला दिलं, सहा पोती.
आलं, पावणेतीन. कणी जास्त.