रिपेअर दाबायच्या आधी

विट्यात, मायणी रस्त्याला, झेरॉक्सच्या वर
माझं दुकान. जिना अरुंद.
मंडलेकाका सीपीयू पोटाशी धरून चढले,
टॉवेलनं बांधलेला, धुळीसकट.
"लाईट गेली, आली, परत गेली.
तवापासनं ह्येच म्हणतंय."
मी वाचलं : फाइलचा प्रकार ओळखता येत नाही.

एकवीस वर्षांची यादी.
गलाईला गेलेला कोण कोइमतूरला, कोण सेलमला,
कटकला भाळवणीची तीन घरं,
गुवाहाटीच्या बोळात लेंगऱ्याचा एकटाच पोरगा.
गाव, भट्टी, रक्तगट, फोन.
परमुलखात कुणी गेलं
की रात्री-अपरात्री फोन काकांना,
आणि काका यादी उघडून सांगायचे
जवळात जवळ आपलं कोण आहे.

आधी प्रत काढली. मूळ फाइलला हात लावायचा नाही,
हे मला क्लासमध्ये नाही,
एका लग्नाच्या फोटोंनी शिकवलं.
मग प्रत कच्ची उघडली,
सोळा-सोळाच्या रांगांत.
जुन्या फॉन्टातलं मराठी
फॉन्ट काढला की कचराच दिसतं :
कंस, डॉलर, उलटा स्वल्पविराम.
मोडलेलं कुठलं, धडधाकट कुठलं,
मला कळेना.

काका मागं उभे होते.
"थांब. ते कंसाचं परत दाव."
डोळे मिटले, आणि हवेत
दोन बोटांनी टाइप केलं, सावकाश.
"आळसंद," म्हणाले.
"त्याच्या खालचं बेणापूर."
वाचता त्यांनाही येत नव्हतं.
बोटांना पाठ होतं.

रिपेअर नावाचं एक बटण असतं.
मी ते दाबत नाही.
त्याला जे कळत नाही ते ते टाकून देतं
आणि म्हणतं, झालं.

काका हसले. "आमच्यात नवशिका असाच.
सोनाराच्या दुकानची झाडलोट आणतो,
चमकतंय तेवढं उचलतो, राख फेकतो.
अगं, राखंतच तर पोट हाय.
जाळायची, धुवायची, टाकणखार घालून मुशीत.
पोतंभर मातीला गुंजभर.
पर निघती."

चौथ्या दिवशी, कोऱ्या फाइलीत,
अठराशे बारा नावं.
बाकीच्या जागी नुसती शून्यं,
लाईट गेली त्या क्षणाएवढी लांब.
कटक आलं. गुवाहाटी अर्धी आली,
भट्टी आहे, पोराचं नाव नाही.

आणि एक नाव आलं
जे यादीत नव्हतंच.
पुसलेलं लगेच जात नसतं.
दारावरची पाटी तेवढी काढतात,
जागा दुसऱ्या कुणाला लागेपर्यंत
ते आत बसून राहतं.
उत्तम दत्तू मंडले, मदुराई, रक्तगट ओ.
माझ्या पावतीवर काकांचं नाव होतं :
ज्ञानू दत्तू मंडले.

ठेवू का, मी विचारलं.
खाली झेरॉक्स कुणाचा तरी दाखला काढत होतं,
एकामागून एक, एकसारखा.
"मीच पुसलंवतं. नऊ साली.
भट्टीच्या हिशोबावरनं."
एवढंच. मग बराच वेळाने,
"फोन आलाय का त्यात?"

आठ आकडे आले होते.
शेवटचे दोन पुढच्या पानावर,
आणि ते पान नव्हतं.

काकांनी पावती उलटी केली,
आठ आकडे लिहिले,
पुढं दोन चौकोन काढले, रिकामे.
"म्हंजे किती नंबर झालं गं?"
शंभर, मी म्हणाले.
"शंभरच."

सीपीयू माझ्याकडेच विसरून उतरले.
जिन्यातनं ऐकू आलं,
"हॅलो, उत्तम हाय का, उत्तम?
बरं बरं. चुकून लागला."
दोन पायऱ्या.
मग पुन्हा रिंग.